द्वारकेला उतरू नको

आपल्या मराठी विभागात दरवर्षी 'व्यसन : एक शाप' छापाचा एक लेख असतोच. मागच्या तीन अंकांत तीन होते, मी मोजलेत. सुरुवात तंबाखूपासून होते, मधे दारू येते आणि शेवटी 'तरुणांनो, जागे व्हा!' हॉस्टेलमधला तरुण सबमिशनच्या कृपेने पहाटे तीनपर्यंत जागाच असतो, त्यामुळे त्या ओळीपर्यंत कुणी पोचत नाही. मला लिहायचंय ते एका खोलीबद्दल. आणि थोडं द्वारकेबद्दल.

विषय निघाला हॉस्टेल कमिटीच्या मीटिंगमध्ये. मी विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून कोपऱ्यात बसलो होतो. प्रश्न साधा होता. व्यसनावर उपचार घेऊन परत येणाऱ्या मुलाला हॉस्टेलला घ्यायचं की नाही? एक मत होतं, सरळ नाव काढा, बाकीची पोरं बिघडतील. दुसरं मत आपल्याच एका सरांचं, आणि ते अगदी मनापासून होतं. सर म्हणाले, "घ्या त्याला. आणि त्याच्या जुन्याच खोलीत घ्या. माणूस जिथे पडला तिथूनच उठला पाहिजे." काय वाक्य होतं राव! सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन वर्षांपूर्वी मीही डोलावली असती.

आज माझं मत असं आहे की त्याला घ्यावं, पण त्या खोलीत अजिबात नको. याचं कारण मीटिंगमध्ये दोन मिनिटांत सांगता आलं नाही, म्हणून इथे चार पानं अडवतोय.

द्वारका आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. श्रीकृष्णाची पाण्यात बुडाली, आपली ट्रॅफिकमध्ये. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता तिथे एकमेकांना धडकतात. वरून उड्डाणपूल जातो, खाली ट्रक, एसटी, रिक्षा आणि आपण. नाशिकरोडला जाणारे शेअर रिक्षावाले "रोड, रोड, रोड, एक सीट, एक सीट" असं ओरडत असतात. बाहेरगावचा माणूस विचारतो की कुठला रोड? आपल्याला ते ऐकूसुद्धा येत नाही, इतकं सवयीचं झालंय.

माझ्या रूममेटला ते ऐकू यायचं. त्याची सुरुवात सेकंड इयरच्या हिवाळ्यात खोकल्यापासून झाली. खरा खोकला होता, मी साक्षीदार आहे. कफ सिरप आणलं, त्यात कोडीन होतं. खोकला गेला, सिरप राहिलं. पुढे एका मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागणंच सोडून दिलं. द्वारकेच्या चौकातून आत वळणाऱ्या एका बोळात बंद शटरच्या पायरीवर बसून तो बाटली संपवायचा, वर गोड चहा मारायचा आणि शेअर रिक्षाने परत यायचा. मला वाटायचं, पोराला अभ्यासाचं टेन्शन आहे, म्हणून झोपाळलेला असतो. शेजारच्या कॉटवर झोपून मला वर्षभर काही कळलं नाही, हे लिहिताना लाज वाटते.

घरी कळलं, उपचार झाले. संगमनेरकडचं त्याचं गाव. तिथे तीन महिने तो एकदम ठणठणीत राहिला. शेतात जायचा, भावाला गणित शिकवायचा. सिरपची आठवणसुद्धा येत नाही म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. मग राहिलेल्या दोन विषयांचे पेपर द्यायला इकडे आला. शेवटचा पेपर चांगला गेला म्हणून मी त्याला म्हणालो, "चल, द्वारकेला जाऊ, जेवण माझ्याकडून."

रिक्षा द्वारकेला पोचण्याआधीच तो गप्प झाला. जांभया द्यायला लागला. डोळ्यांतून पाणी, तळहात ओले. म्हणाला, "पोटात ढवळतंय." मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "नाटकं बंद कर." खाली उतरलो. समोर एक जण ओरडत होता, रोड, रोड, रोड. हा म्हणाला, "दोन मिनिटांत आलो."

तो चाळीस मिनिटांनी आला. रात्री अडीचला त्याचा श्वास इतका सावकाश चालला होता की मी त्याच्या नाकापुढे हात धरून आकडे मोजत बसलो. वॉचमनकाकांनी स्वतः रिक्षा बोलावली. दवाखान्यात नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत तो डोळे उघडून माझ्यावर ओरडला. आयुष्यात शिवी ऐकून इतका आनंद कधी झाला नव्हता. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत शरीराची सवय मोडली होती, डोक्यातलं माप मात्र जुनंच होतं. व्यसन सोडलेला माणूस पुन्हा घेतो तेव्हा सगळ्यात जास्त धोका याच कारणाने असतो.

हॉस्टेलमध्ये दुसऱ्या दिवशी निकाल लागला : इच्छाशक्ती नाही. मलाही तसंच वाटलं. पण मग गावाकडे तीन महिने ती इच्छाशक्ती कुठून आली होती? आणि जांभया, घाम, पोटात ढवळणं, हे तर औषध बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात होणारे त्रास. ते तीन महिन्यांनी, रिक्षात बसल्याबसल्या कसे परत आले? पी.एल.मध्ये अभ्यास सोडून मी हेच वाचत बसलो. (मॅथ्सचा निकाल तुम्ही बोर्डावर पाहिलाच असेल.) मी डॉक्टर नाही, ई अँड टीसीचा आहे, पण जे समजलं ते आपल्या भाषेत सांगतो.

कोडीन अफूच्या बोंडातलंच. यकृतात गेल्यावर त्याचा काही भाग मॉर्फिन होतो. मेंदूच्या तळाशी, मध्यावर व्हीटीए नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्यातल्या काही पेशी डोपामिन सोडतात आणि शेजारच्या काही पेशी त्यांच्यावर कायम ब्रेक दाबून बसलेल्या असतात. मॉर्फिन डोपामिनच्या पेशींना धक्का देत नाही. ते ब्रेकवाल्या पेशींच्या म्यू रिसेप्टरवर बसतं आणि त्यांचा पाय ब्रेकवरून उचलतं. गाडी उतारावर होतीच, ती सुटते. डोपामिन पुढे न्यूक्लियस अक्युम्बन्स नावाच्या भागात जाऊन पडतं. तिथे त्याला झेलणारे रिसेप्टर पाच प्रकारचे, डी1 ते डी5. त्यांची दोन घराणी आहेत. डी1 चं घराणं पेशीच्या आतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या वाढवतं, डी2 चं कमी करतं. एकच किल्ली, पण एका दाराचं कुलूप उघडते, दुसऱ्याचं लावते.

आता रील्सवाले सांगतात, डोपामिन म्हणजे आनंद. तसं असतं तर माझा मित्र बाटली तोंडाला लागल्यावर खूश झाला असता, द्वारकेच्या अलीकडेच बेचैन झाला नसता. वुल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेलं काम मला इथे फार आवडलं. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात फायर होतात. मग रसाच्या आधी दरवेळी दिवा लावायचा. थोड्याच दिवसांत पेशी रसाला फायर होईनात, दिव्याला व्हायला लागल्या. आणि दिवा लावून रस दिला नाही, तर बरोबर रसाच्या वेळेला त्यांचं फायरिंग खाली गेलं. थर्ड इयरवाल्यांनो, हा चक्क एरर सिग्नल आहे! अपेक्षा काय होती आणि मिळालं काय, यांची वजाबाकी. म्हणजे डोपामिन आनंदापेक्षा शिकण्याचं काम जास्त करतं. माझ्या मित्राचा मेंदू वर्षभर शिकत होता, आणि त्याचा दिवा होता "रोड, रोड, रोड".

(डोपामिनवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही, हेही सांगतो. 1997 मध्ये डी2 रिसेप्टरच नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांना मॉर्फिन मिळालेल्या खोलीची ओढ लागेना. खाण्याची ओढ मात्र शाबूत. सगळे म्हणाले, सापडलं! मग 2005 मध्ये डोपामिन बनवूच न शकणारे उंदीर घेतले, चाचणीच्या वेळी त्यांना कॅफिन दिलं, तर ते मॉर्फिनच्या खोलीत जाऊन बसले. दोन्ही प्रयोग नामांकित नियतकालिकात छापलेले. आपल्या प्रॅक्टिकलला असं झालं असतं तर रीडिंग 'अ‍ॅडजस्ट' करायला सांगितलं असतं.)

खरा मुद्दा पुढे आहे. 2002 मध्ये दोन शास्त्रज्ञांनी उंदरांना एका खोलीत कळ दाबून हेरॉइन-कोकेनचं मिश्रण घ्यायला शिकवलं. मग दुसऱ्याच खोलीत, वेगळा वास, वेगळा उजेड, कळ तीच पण मिळत काही नाही. उंदरांनी दाबून पाहिलं आणि सोडून दिलं. व्यसनमुक्ती झाली म्हणा! मग त्यांना पहिल्या खोलीत परत नेलं. औषध तिथेही नव्हतं, तरी ते पुन्हा कळ दाबत सुटले. सुटण्याचं शिक्षण दुसऱ्या खोलीत झालं होतं, ते त्या खोलीतच राहिलं. जुनी आठवण पुसली गेलीच नव्हती, तिच्यावर नुसती एक चिठ्ठी चिकटवली होती, आणि जुन्या खोलीत ती चिठ्ठी निघाली.

2007 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या संशोधकांनी फक्त हेरॉइन घेऊन असाच प्रयोग केला आणि अक्युम्बन्सच्या एका विशिष्ट भागातले डी1 घराण्याचे रिसेप्टर तात्पुरते बंद केले. खोली तीच, कळ तीच, पण उंदरांचं कळ दाबणं कमी झालं. 'जागेची ओढ' आपण कवितेतली गोष्ट समजतो. तिला मेंदूत पत्ता आहे.

सरांना मला हेच सांगायचं होतं. 'जिथे पडला तिथूनच उठला पाहिजे' हे वाक्य पायाला लागलेल्या ठेचेला ठीक आहे. इथे 'तिथे' हाच आजाराचा भाग आहे. त्या खोलीतली कॉट, खिडकीची काच, गादीखाली बाटली लपवायची जागा, हे सगळे दिवे आहेत. त्यात त्याला झोपायला लावायचं आणि सकाळी विचारायचं, काय रे, इच्छाशक्ती कशी आहे?

उलट बाजूचा पुरावा माणसांचा आहे. व्हिएतनाम युद्धात असलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी साधारण पाचव्या हिश्शाला तिथे हेरॉइनचं व्यसन लागलं होतं. 1971 मध्ये परतलेल्यांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने पाठपुरावा केला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झालेले निघाले 5 टक्क्यांच्या आसपास. त्याला इतरही कारणं असतील, नाही म्हणत नाही. पण त्यांची 'द्वारका' समुद्रापलीकडे राहिली, हे त्यातलं एक मोठं कारण मानलं जातं. आपल्या मुलाची मात्र हॉस्टेलपासून एका शेअर रिक्षावर असते.

आणखी एक गोष्ट, 'मी एकदा घेऊन पाहिलं, मला काही झालं नाही' म्हणणाऱ्या आपल्या विंगमधल्या वीरांसाठी. 2011 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी उंदरांच्या अमिग्डाला या भागात पाहिलं. भीती आणि ओढ यांच्या आठवणी बनवण्यात या भागाचा मोठा हात असतो. ज्या उंदराने अफूवर्गीय औषध आधी घेतलेलंच नाही, त्याच्यात त्या औषधाची आठवण बनायला तिथला डी1 रिसेप्टर लागतो. उंदीर व्यसनाधीन झाला की ते काम डी2 कडे जातं. स्विच पडतो. म्हणजे न लागलेल्या माणसाचा अनुभव लागलेल्या माणसाला मोजायला चालत नाही, दोघांचं वायरिंग वेगळं झालेलं आहे. उंदीर म्हणजे माणूस नाही, मान्य. पण आपल्या वीरांचा एका रविवारचा अनुभव तरी कुठे संशोधन आहे?

यावर मेसमध्ये एकाने मला गाठलंच. म्हणाला, "म्हणजे रिसेप्टरला दोष दिला की माणूस सुटला?" प्रश्न चांगला आहे. मला वाटतं, माणूस सुटत नाही, त्याची जबाबदारी बदलते. द्वारकेला उभं राहून 'मी घेणार नाही' म्हणण्याची ताकद त्या क्षणी त्याच्याकडे कमी असते. पण सकाळी, डोकं शांत असताना, 'मी आज त्या रस्त्याने जाणार नाही' हे ठरवणं त्याच्या हातात असतं, आणि ते पाळायला मदत करणं आपल्या. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसवाले एका वेळी एकच दिवस सांभाळायला सांगतात, त्यामागे हाच हिशेब असावा.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. पी.एल. म्हटलं की आपल्याला प्रिपरेशन लीव्ह आठवते, पण 1986 मध्ये दुसऱ्या पु. लं.नी, म्हणजे देशपांड्यांनी आणि सुनीताबाईंनी, अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पाठीशी उभं राहून पुण्यात मुक्तांगण सुरू व्हायला मदत केली. तेव्हा गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पुण्या-मुंबईतल्या पोरांना खात होतं आणि अवचटांनी त्यावर लिहून लोकांना हलवलं होतं. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून आजारी आहे, हे मराठी घरांनी तिथून ऐकायला सुरुवात केली. त्याला चाळीस वर्षं होत आली, आपली नियमावली अजून 'तात्काळ निष्कासन' या कलमावर आहे. देशाचा कायदासुद्धा आपल्यापेक्षा मऊ आहे. 1985 चा एनडीपीएस कायदा कडक म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यातल्या कलम 64 अ नुसार थोड्या प्रमाणात माल जवळ बाळगलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते.

हा प्रश्न लांबचा आहे असंही नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीत भारतात अफूवर्गीय पदार्थ घेणारे 2.1 टक्के निघाले, म्हणजे दोन कोटींच्या वर. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या शेजारच्या शिंदे गावात एमडीचा कारखानाच सापडला. एमडी अफूतलं नाही, पण शेवटी तेच डोपामिन उसळवतं.

पोस्टरचंही बोलतो, कुणाला राग आला तर येवो. 26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन झाला, स्पर्धा झाली, बक्षिसं मिळाली आणि सिरिंज, पुडी, बाटली अशी चित्रं असलेली पोस्टर्स वर्षभर जिन्यात राहिली. ज्याने कधी घेतलं नाही त्याला ती चित्रं भीती घालतात. ज्याने घेतलंय त्याला नुसतं चित्र बघूनही ओढ लागू शकते, हे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलेलं आहे. तेव्हा जिन्यातली बाटली उतरवा आणि तिथे समुपदेशकाचा फोन नंबर लावा. चित्र हवंच असेल तर गोदावरीचं काढा.

बाकी माझ्या मागण्या फार नाहीत. परत येणाऱ्याला दुसऱ्या विंगमध्ये, शक्यतो दुसऱ्या मजल्यावर खोली द्या. कारण रजिस्टरमध्ये लिहू नका, रेक्टर सरांना माहीत असलं की पुरे. रूममेट त्याला विचारून द्या. पहिल्या महिन्यात त्याला गावात जायचं असेल तर बरोबर कुणीतरी जावं, आणि त्याने 'हा रस्ता नको' म्हटलं तर का म्हणून विचारू नये. आणि पुन्हा घसरला तर काय, हे आधीच ठरवा. माझं मत, दवाखाना आधी, मीटिंग नंतर. त्या रात्री वॉचमनकाकांनी नियम पाहिला असता तर आधी वॉर्डनची सही घ्यावी लागली असती.

पुढच्या मीटिंगमध्ये हे सगळं मांडणार आहे. सर चिडणार नाहीत, कारण त्यांना तो मुलगा परत यायला हवाय. आमचं भांडण फक्त खोली नंबरवरून आहे.

परवा त्याचा फोन आला. फॉर्म भरायला सोमवारी येतोय. संगमनेरहून एसटी, म्हणजे सिन्नर, शिंदे, नाशिकरोड आणि मग द्वारका. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग विचारलं, "मी नाशिकरोडलाच उतरू का रे?"

म्हटलं, उतर. मी कुणाची तरी बाईक घेऊन स्टँडवर येतो. आपण टाकळीकडून जाऊ, रस्ता जरा खराब आहे.